विश्लेषण : ‘ई२०’, ‘ई८५’ इंधनाचा दर्जा कसा तपासतात? बाटलीतल्या चाचणीतून नेमके काय कळते?

पावसाळा सुरू झाला की मोबाइलवर एक चित्रफीत हमखास फिरते. बाटलीत पेट्रोल घेतलेले असते, त्यात थोडे पाणी ओतले जाते, बाटली हलवून ठेवली की तळाशी चांगला जाड थर जमतो. ‘बघा, पेट्रोलमध्ये किती पाणी आहे!’ असा मागून आवाज येतो आणि पुढे पंपावर बाचाबाची सुरू होते. देशभरात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेल्यापासून गाडी अडखळली, मायलेज घटले किंवा सकाळी लवकर सुरू झाली नाही, तर पहिला संशय इंधनावर येतो. हा संशय कधी खरा असतो, कधी खोटा. पुढे ८५ टक्के इथेनॉलच्या इंधनावर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर वाढल्या, तर हा प्रश्न आणखी टोकदार होईल. इथेनॉलमिश्रित इंधनाचा दर्जा ठरतो कसा, तो कोण आणि कसा तपासतो आणि पंपावर ग्राहकाला मिळणारी चाचणी त्यासाठी पुरेशी आहे का, याचा हा आढावा.

ई२०, ई८५, ई१०० म्हणजे काय?

‘ई’ म्हणजे इथेनॉल आणि पुढचा आकडा म्हणजे इंधनातील त्याचे आकारमानानुसार प्रमाण. ई२० मध्ये २० टक्के इथेनॉल आणि ८० टक्के पेट्रोल असते. भारतात या प्रयोगाची सुरुवात महाराष्ट्राशी जोडलेली आहे. २००१ मध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांत मिरज आणि मनमाड ही दोन ठिकाणे होती. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० ची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये हे इंधन देशभर पोहोचले.

ई८५ हे त्याच्या बरेच पुढचे इंधन आहे. ते साध्या गाडीत चालत नाही, त्यासाठी ‘फ्लेक्स-फ्युएल’ गाडी लागते. पेट्रोल आणि इथेनॉलच्या कोणत्याही मिश्रणाशी इंजिन आपोआप जुळवून घेते, अशी तिची रचना असते. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ई८५ पर्यंतच्या इंधनावर चालणारी सीबी३००एफ ही मोटारसायकल भारतीय बाजारात आणली. टीव्हीएसने त्याआधी, जुलै २०१९ मध्ये, इथेनॉलवर चालणारी अपाची सादर केली होती. ई१०० विकणारे प्रायोगिक पंप जून २०२१ मध्ये पुण्यात तीन ठिकाणी सुरू झाले. मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलच्या १८३ पंपांवर ‘इथेनॉल १००’ उपलब्ध झाल्याची घोषणा झाली, त्यातही महाराष्ट्र होता. या ‘१००’ मध्येही इथेनॉल ९३ ते ९३.५ टक्केच असते. उरलेल्यात पाच टक्के पेट्रोल आणि दीड टक्का सह-द्रावक असतो. इंधनाच्या नावातला आकडा आणि टाकीतले प्रमाण यांत फरक असू शकतो, हे येथेच लक्षात ठेवलेले बरे.

मानक कोण ठरवते?

भारतात हे काम भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस). पेट्रोलसाठी आयएस २७९६, मिसळायच्या निर्जल इथेनॉलसाठी आयएस १५४६४, ई२० साठी आयएस १७०२१ आणि ई८५ साठी आयएस १६६३४ अशी स्वतंत्र मानके आहेत. म्हणजे तपासणी तीन पातळ्यांवर होते. आसवनीतून येणारे इथेनॉल, रिफायनरीतून येणारे पेट्रोल आणि दोन्ही मिसळून तयार झालेले इंधन. पहिले दोन घटक उत्तम असले तरी मिश्रण, वाहतूक किंवा साठवणुकीत चूक झाली, तर तिसरी पातळी बिघडू शकते.

इथेनॉलच्या बाबतीत पहिली अडचण आसवनीतच येते. साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉलमधील सगळे पाणी निघत नाही. शुद्धता ९५-९६ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळू लागतात. त्यापुढचे पाणी काढण्यासाठी साखर कारखान्यांच्या आसवनीत ‘मॉलिक्युलर सीव्ह’ वापरतात. त्यातील सूक्ष्म छिद्रांचे दाणे पाण्याचे रेणू धरून ठेवतात आणि इथेनॉल पुढे जाऊ देतात. अशा प्रकारे ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध झालेले निर्जल इथेनॉलच तेल कंपन्यांच्या डेपोत घेतले जाते. मिश्रणही डेपो किंवा टर्मिनलवरच होते, पंपचालकाने ते करायचे नसते.

अमेरिकेत हेच काम एएसटीएम ही मानक संस्था करते. तिथे ई८५ च्या वर्गातील इंधनासाठी डी५७९८ हे मानक आहे. अमेरिकेत दोन कोटींहून अधिक फ्लेक्स-फ्युएल गाड्या विकल्या गेल्या आहेत, हजारो पंपांवर हे इंधन मिळते आणि पंपावरचे नमुने घेऊन मानकाशी ताडण्याच्या देशव्यापी पाहण्याही तिथे झाल्या आहेत. ई८५ च्या उंबरठ्यावर असलेल्या भारताला त्यातून बरेच शिकण्यासारखे आहे.

ई८५ मध्ये ८५ टक्के इथेनॉल का नसते?

याचे उत्तर बाष्पदाबात आहे. इंजिनमध्ये इंधनाचा द्रव जळत नाही, त्याची वाफ जळते. पेट्रोलमध्ये सहज उडणारे हलके घटक असतात, त्यामुळे थंडीतही पुरेशी वाफ तयार होऊन गाडी सुरू होते. शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब फार कमी असतो. गंमत अशी, की पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास इथेनॉल मिसळले तर मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो. पुढे प्रमाण वाढत गेले की तो उतरतो आणि ई८५ पर्यंत पेट्रोलच्याही बराच खाली येतो. अशा इंधनावर कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू करणे अवघड होते.

यात सुरक्षेचाही मुद्दा आहे. पेट्रोलच्या टाकीत द्रवाच्या वरच्या जागेत इतकी दाट वाफ असते, की हवा अपुरी पडून ती सहसा पेट घेत नाही. बाष्पदाब घसरला की ही वाफ विरळ होते आणि थंड हवामानात पेट घेण्याजोग्या प्रमाणात येऊ शकते. म्हणून बाष्पदाबाला कमाल मर्यादेबरोबर किमान मर्यादाही घालावी लागते.

अमेरिकी मानकात हवामानानुसार चार वर्ग आहेत. उष्ण दिवसांसाठीच्या पहिल्या वर्गात बाष्पदाब किमान ३८ किलोपास्कल, तर कडक थंडीसाठीच्या चौथ्या वर्गात किमान ६६ किलोपास्कल असावा लागतो. तेवढा बाष्पदाब आणायचा तर पेट्रोलचा वाटा वाढवावा लागतो. पूर्वीच्या मानकात कडक हिवाळ्यातही किमान ७० टक्के इथेनॉल बंधनकारक होते. २०११ मध्ये ही अट सैल करून मर्यादा ५१ ते ८३ टक्के अशी केली गेली. त्यामुळे तिथे सध्या मिळणाऱ्या या इंधनात निम्मेच इथेनॉल असले तरी ते मानकात बसते, आणि पंपावरच्या लेबलवर ‘५१ ते ८३ टक्के इथेनॉल’ असे छापता येते.

पंपांवरच्या पाहणीत काय आढळले?

अमेरिकेतील कोऑर्डिनेटिंग रिसर्च कौन्सिल आणि सरकारी राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळा (एनआरईएल) यांनी २००० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वेगवेगळ्या राज्यांतील पंपांवरून, वेगवेगळ्या ऋतूंत ई८५ चे नमुने गोळा करून तपासले. पाणी, आम्लता यांसारख्या निकषांवर बहुतेक नमुने ठीक निघाले. खरी अडचण बाष्पदाबात दिसली. विशेषतः हिवाळी वर्गातील बऱ्याच नमुन्यांचा बाष्पदाब किमान मर्यादेच्या खाली होता. काही ठिकाणी इथेनॉलचे प्रमाणही ऋतूच्या वर्गाशी जुळत नव्हते.

ही नेहमीच्या अर्थाने भेसळ नव्हती. मिसळले गेलेले पेट्रोलच पुरेसे बाष्पशील नसेल, तर ७० टक्के इथेनॉलची अट पाळून हिवाळ्यातला बाष्पदाब गाठणे कठीण होते. या पाहण्यांनी नियम आणि प्रत्यक्ष यांतील दरी आकड्यांनिशी दाखवली आणि मानकात दुरुस्ती झाली. तपासणीचे निष्कर्ष जाहीर असल्यामुळे हे शक्य झाले.

प्रयोगशाळेत काय काय तपासतात?

इथेनॉलचे नेमके प्रमाण ‘गॅस क्रोमॅटोग्राफी’ने मोजतात. नमुन्याची वाफ एका लांब, बारीक नळीतून पाठवली जाते. प्रत्येक घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो आणि त्याचे प्रमाण आलेखावर उमटते. यात मिथेनॉलही वेगळे ओळखता येते.

पाण्यासाठी ‘कार्ल फिशर’ पद्धत वापरतात. या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये ती मांडली. आयोडीनची पाण्याशी होणारी रासायनिक क्रिया मोजून विरघळलेले अगदी थोडे पाणीही त्यातून कळते. अमेरिकी मानकात ई८५ मधील पाणी वजनाने एक टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही.

बाष्पदाब ३७.८ अंश सेल्सिअस तापमानाला मोजतात. त्याआधी नमुना जवळजवळ शून्य अंशापर्यंत थंड करावा लागतो, नाहीतर डबा उघडताच हलके घटक उडून जातात आणि आकडा चुकतो. नमुना घेण्याची पद्धत चुकली तर महागडे यंत्रही चुकीचे उत्तर देते, ते असे.

आम्लतेसाठी इथेनॉलकरिता खास ठरवलेली ‘पीएचई’ चाचणी आहे. अमेरिकी मानकात हा आकडा ६.५ ते ९ च्या दरम्यान असावा लागतो. तो ६.५ च्या खाली गेला तर इंधनपंपाच्या विद्युत भागांवर थर साचणे, इंजेक्टर आणि सिलिंडर झिजणे असे प्रकार होऊ शकतात. ९ च्या वर गेला तर इंधनपंपाचे प्लास्टिकचे भाग खराब होऊ शकतात.

त्यानंतर येतात सूक्ष्म प्रमाणातील अशुद्धी. क्लोराइडमुळे धातू गंजतो, म्हणून ई८५ मध्ये दहा लाखात एक भाग इतकीच त्याला परवानगी आहे. तांब्याचा अंश असेल तर पेट्रोलचे ऑक्सिडीकरण वेगाने होते आणि डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. सल्फेटमुळे पंपाचे फिल्टर तुंबतात आणि इंजेक्टरवर थर बसतो. अमेरिकेत २००० च्या दशकात अशा तक्रारी आल्यानंतर इंधन इथेनॉलमधील सल्फेटवर मर्यादा आली. यातले काहीही डोळ्यांना दिसत नाही किंवा वासावरून कळत नाही.

पाण्याची एवढी धास्ती का?

पेट्रोल आणि पाणी मिसळत नाहीत. पूर्वी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरले तर ते तळाशी बसायचे, वरचे पेट्रोल तसेच राहायचे. इथेनॉल मात्र पेट्रोलमध्येही मिसळते आणि पाण्यातही. त्यामुळे ई१० किंवा ई२० मध्ये थोडे पाणी विरघळून राहते आणि इंधन स्वच्छच दिसते. ई१० मध्ये साधारण तापमानाला सुमारे अर्धा टक्का पाणी मावते. इथेनॉल वाढले की ही क्षमता वाढते, तापमान उतरले की घटते.

मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्यासोबत तळाशी जाते. यालाच थर वेगळे होणे म्हणतात. आता टाकीत दोन निराळे द्रव असतात. तळाशी पाणी आणि इथेनॉल, वर इथेनॉल गमावलेले पेट्रोल. खालचा थर गाडीत गेला तर इंजिन बंद पडते. वरचा थर गेला तरी अडचण आहेच, कारण इथेनॉल गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन आकडा घसरलेला असतो. ई२० चा संशोधन ऑक्टेन आकडा ९५ धरलेला आहे आणि तो गाठण्यात इथेनॉलचा मोठा वाटा असतो. एकदा वेगळे झालेले थर ढवळून पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे ती टाकी रिकामी करून साफ करावी लागते.

ई८५ मध्ये चित्र उलटे असते. इथेनॉल भरपूर असल्याने थर वेगळे होण्यासाठी खूप जास्त पाणी लागते. म्हणजे पाणी मर्यादेबाहेर गेले तरी इंधन काचेसारखे स्वच्छ दिसू शकते. तिथे ‘पाहून ठीक वाटले’ या कसोटीला अर्थ उरत नाही.

मग बाटलीतली चाचणी खरी की खोटी?

चाचणी खरी आहे, तिचा लावला जाणारा अर्थ चुकीचा आहे. बाटलीत पाणी ओतल्यावर पेट्रोलमधील इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर फुगतो. तो थर पेट्रोलमध्ये आधीपासून पाणी होते याचा पुरावा नसतो. त्यात इथेनॉल किती होते, एवढेच त्यावरून कळते.

ब्राझीलमध्ये हीच चाचणी अधिकृत आहे. तिथे १०० मिलीलिटरच्या, खुणा असलेल्या काचेच्या नळीत ५० मिलीलिटर पेट्रोल आणि ५० मिलीलिटर दहा टक्के मिठाचे पाणी घेतात, नळी हलक्या हाताने उलटीसुलटी करून स्थिर ठेवतात. खालचा थर ५० वरून किती वाढला ते पाहून त्या आकड्याची दुप्पट करतात आणि त्यात एक मिळवतात. समजा थर साडेनऊ मिलीलिटरने वाढला, तर साडेनऊची दुप्पट १९ आणि एक, म्हणजे २० टक्के इथेनॉल. पंपावर ही चाचणी करून मागणे हा तिथल्या ग्राहकाचा हक्क आहे. ब्राझीलने ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमधील इथेनॉल ३० टक्के केले आहे, त्यामुळे या नळीला तिथे रोजचे महत्त्व आहे.

ब्राझीलमध्ये पाणी असलेले, म्हणजे सजल इथेनॉलही थेट इंधन म्हणून विकले जाते. त्यासाठी पंपालाच घनता दाखवणारे पारदर्शक उपकरण जोडलेले असते. गाडीत इंधन जात असतानाच ग्राहकाला ते दिसते. पेट्रोलमध्ये मिसळायच्या निर्जल इथेनॉलला नारिंगी रंग देतात. त्यात पाणी ओतून ते सजल म्हणून विकण्याचा प्रयत्न झाला, तर रंगावरून चोरी पकडली जाते.

या साध्या चाचण्यांनाही मर्यादा आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये इंधन व्यवसायातील संघटित गुन्हेगारीविरुद्ध मोठी कारवाई झाली, त्यात मिथेनॉलच्या भेसळीचे प्रकरण पुढे आले. मिथेनॉलही पाण्यात विरघळते, त्यामुळे नळीतल्या चाचणीत ते इथेनॉलसारखेच दिसते. ते विषारी आहे आणि धातूला अधिक गंजवते. ते पकडायला क्रोमॅटोग्राफी किंवा मिथेनॉल ओळखणारी वेगळी चाचणीच लागते.

आपल्या पंपांवरची तपासणी पुरेशी आहे का?

भारतात प्रत्येक पंपावर फिल्टर पेपर, घनता मोजण्यासाठी हायड्रोमीटर व तापमापक आणि पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवणे बंधनकारक आहे. ग्राहक यांपैकी कोणतीही तपासणी मागू शकतो. फिल्टर पेपरवर टाकलेला थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. डाग राहिला तर रॉकेल, डिझेल यांसारख्या जड तेलाचा संशय येतो. घनता १५ अंशाला रूपांतरित करून टँकर उतरवताना नोंदवलेल्या घनतेशी ताडतात. दोन्हींत घनमीटरला तीन किलोपर्यंतचा फरक चालतो.

या चाचण्या आजही उपयोगी आहेत, पण त्या रॉकेलच्या भेसळीचा माग काढण्यासाठी घडलेल्या आहेत. इथेनॉलच्या बाबतीत त्या किती अपुऱ्या पडतात, ते साध्या हिशेबाने कळते. मानकानुसार पेट्रोलची घनता ७२० ते ७७५ च्या दरम्यान कुठेही असू शकते. इथेनॉलची घनता सुमारे ७९४ आहे. ७३५ घनतेच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले, तर मिश्रणाची घनता सुमारे ७४७ येते. पण इथेनॉल अजिबात नसलेल्या एखाद्या पेट्रोलची घनताही ७४७ असू शकते. म्हणजे नुसत्या घनतेवरून इथेनॉल २० टक्के आहे की शून्य, हे ठरत नाही.

आधीच्या नोंदीशी तुलना केली तरी अडचण सुटत नाही. या उदाहरणात इथेनॉल एक टक्क्याने वाढले, तर घनता जेमतेम ०.६ किलोने वाढते. तीन किलोच्या सवलतीत इथेनॉलचा पाच टक्क्यांचा फरक लपून जाऊ शकतो. अर्धा टक्का पाणी विरघळले तर घनता सव्वा किलोच्या आसपास वाढते. तेही सवलतीच्या आतच राहते.

टाकीच्या तळाशी पाणी आहे का, हे पाहण्यासाठी मोजपट्टीला रंग बदलणारी पेस्ट लावून ती टाकीत सोडतात. इथेनॉलमिश्रित इंधनात तळाच्या थरात पाण्याबरोबर इथेनॉलही असते, त्यामुळे जुन्या पद्धतीची पेस्ट नीट रंग बदलेलच असे नाही. त्यासाठी अल्कोहोलमध्येही काम करणारी खास पेस्ट लागते. भरपावसात टाकीचे झाकण, भरण्याची तोंडे आणि हवानळी यांची तपासणी हीही तितकीच महत्त्वाची.

प्रयोगशाळेतील तपासणी आपल्याकडेही होते. तेल कंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेत, फिरत्या प्रयोगशाळा आहेत. २००५ च्या मोटर स्पिरिट व हायस्पीड डिझेल नियंत्रण आदेशानुसार अधिकारी सीलबंद नमुने घेऊन ते तपासणीसाठी पाठवू शकतात. ई२० वर वाहने कशी चालतात, याचा अभ्यास पुण्याच्या एआरएआयने इंडियन ऑइल आणि वाहन उत्पादकांच्या संघटनेसोबत केला होता. मात्र वाहनाची चाचणी ही मानकात बसणारे इंधन वापरून होते. पावसाळ्यात गावाकडच्या पंपावर मिळणारे इंधन त्या मानकात बसते का, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पंपावरच्या नमुन्यांतूनच मिळू शकते.

मायलेज घटले म्हणजे भेसळ झाली का?

तसे लगेच म्हणता येत नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे पूर्ण शुद्ध ई२० मध्येही निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात हेच आकडे होते. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० शी जुळवलेल्या मोटारींत सहा ते सात टक्के, तशाच दुचाकींत तीन ते चार टक्के, तर ई१० साठी बनवून ई२० शी जुळवलेल्या मोटारींत एक ते दोन टक्के घट. याहून बरीच मोठी घट एकाएकी दिसली, ती एखाद्याच पंपावर भरल्यानंतर दिसली आणि सोबत इंजिन अडखळत असेल, तर मात्र इंधनाची शंका घेण्याला आधार आहे.

ई८५ च्या ग्राहकासाठी तर हा थेट खिशाचा मामला आहे. अमेरिकी सरकारच्याच माहितीनुसार, फ्लेक्स-फ्युएल गाडी ई८५ वर पेट्रोलच्या तुलनेत १५ ते २७ टक्के कमी अंतर जाते. हा फरक इंधनातील इथेनॉलच्या प्रमाणावर अवलंबून असतो. टाकीत नेमके किती इथेनॉल आहे हे ठाऊक नसेल, तर स्वस्त दिसणारे इंधन खरोखर स्वस्त पडले का, हे ग्राहकाला कळणार नाही. भारतात ई८५ पंपांवर येईल, तेव्हा दरफलकाशेजारी प्रमाणाचाही फलक हवा, तो यासाठी.

ग्राहकाने काय करावे?

पहिली गोष्ट, पंपाची पावती जपावी. तक्रारीच्या वेळी तारीख, वेळ आणि नोझल यांची माहिती लागते. गाडी भरल्यानंतर थोड्याच अंतरावर बंद पडली, तर ती पुन्हापुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. मेकॅनिकने टाकीतून काढलेले इंधन फेकून न देता त्याबाबत पंपाकडे आणि संबंधित तेल कंपनीकडे लेखी तक्रार करावी. पंपावर घनतेची आणि फिल्टर पेपरची तपासणी मागावी, त्या दिवसाची घनतेची नोंद पाहावी आणि टाकीतील पाण्याची तपासणी केव्हा झाली, हे विचारावे.

बाटलीतली चाचणी घरात करू नये. पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेते आणि प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल नेणे धोक्याचे आहे. जी गाडी महिनोन् महिने उभी असते, तिच्या टाकीत इथेनॉलमिश्रित इंधन दीर्घकाळ पडू देऊ नये. आपल्या गाडीला कोणते इंधन चालते, हे माहितीपुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाजवळच्या स्टिकरवर पाहावे. ई८५ किंवा ‘इथेनॉल १००’ हे फ्लेक्स-फ्युएल नसलेल्या गाडीत भरू नये.

पुढे काय व्हायला हवे?

इथेनॉलवर ऊस आणि मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे, साखर कारखान्याचे आणि तेल आयातीचे गणित अवलंबून आहे. त्यामुळे त्याविषयी ग्राहकाचा विश्वास टिकणे सर्वांच्याच हिताचे आहे. मानके आपल्याकडे आहेत, प्रयोगशाळाही आहेत. पंपांवरून ऋतूनुसार नमुने घेऊन त्यांतील पाणी, इथेनॉलचे प्रमाण, बाष्पदाब आणि आम्लता यांचे निष्कर्ष जिल्हानिहाय प्रसिद्ध केले, तर अफवेची जागा आकडे घेतील. ब्राझीलसारखी प्रमाण मोजणारी नळी प्रत्येक पंपावर ठेवणे फारसे खर्चिक नाही. ई८५ चे पंप वाढण्याआधी हे झाले, तर अमेरिकेला काही वर्षांनी सापडलेली दरी आपल्याला आधीच बुजवता येईल.